नांदगावचा गणेश दैवज्ञ आणि आपली तिथी

रायगड जिल्ह्यातलं आमचं म्हसळा ऐन समुद्रावर नाही, तरी भरती-ओहोटीशी बांधलेलं आहे. राजपुरीच्या खाडीचा एक फाटा आत आत येत आमच्याकडे पोहोचतो. कालवं काढायला कधी उतरायचं, होडी कधी सोडायची, हे ठरवताना या खाडीकाठच्या जुन्या माणसांना घड्याळाच्या आधी तिथी लागते. आज चतुर्थी, तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमी असेल तर सहाला. अवस-पुनवेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती. मी इथल्या शाळेत गणित शिकवलं आणि अपूर्णांकांचा धडा याच हिशेबापासून सुरू करत असे. हिशेब ढोबळ आहे, पण तोंडी करता येतो आणि त्यावर काम भागतं.

मात्र त्यासाठी आज तिथी कोणती हे आधी माहीत हवं. ती येते पंचांगातून. एकोणिसाव्या शतकापर्यंत महाराष्ट्रातली बहुतेक पंचांगं ज्या ग्रंथांवरून तयार होत, ते लिहिणारा माणूस आमच्याच किनाऱ्यावरचा. दिघीहून खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरलं, की मुरुडच्या उत्तरेला नांदगाव लागतं. म्हसळा आणि नांदगाव ही दोन्ही गावं पूर्वी जंजिरा संस्थानात होती. या नांदगावात १५०७ च्या सुमारास गणेश दैवज्ञाचा जन्म झाला.

गणेशाआधी त्याचे वडील केशव दैवज्ञ यांची ओळख करून घ्यायला हवी. त्यांचा ‘ग्रहकौतुक’ हा ग्रंथ शके १४१८, म्हणजे इ.स. १४९६ चा. सूर्यसिद्धान्त, आर्यपक्ष, ब्रह्मपक्ष अशा परंपरांचं गणित तेव्हा चालत असे, आणि एकाच ग्रहाची जागा प्रत्येक गणितानं वेगळी निघे. केशवांनी आकाशात पाहून पडताळा घेतला. कोणता ग्रह कोणत्या पक्षाशी जुळतो आणि कुठे किती अंतर पडतं, हे त्यांनी लिहून ठेवलं. पुढेही अंतर पडत जाईल, तेव्हा पुढच्या गणकांनी ग्रहांच्या युती, उदय आणि अस्त प्रत्यक्ष पाहून नवं गणित करावं, अशी सूचनाही त्यांनी दिली. ग्रंथ म्हणजे शेवटचा शब्द, असं मानण्याच्या काळात हे लिहायला मोठं धैर्य लागलं असणार.

मुलानं ती सूचना पाळली. गणेशाच्या ‘ग्रहलाघव’ची सुरुवात शके १४४२ पासून, म्हणजे इ.स. १५२० पासून धरली आहे. त्यात त्यानं कुठल्याही एका पक्षाची बाजू घेतली नाही. सूर्य सूर्यसिद्धान्तातून घेतला. चंद्रही तिथूनच, पण ९ कला (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला) वजा करून. मंगळ, गुरू आणि राहू आर्यपक्षाचे. शनी आर्यपक्षाचाच, पण त्यात ५ अंश मिळवून. शुक्राचं केंद्र, म्हणजे त्याची जागा काढायला लागणारा कोन, आर्य आणि ब्रह्म यांच्या मधलं. आकाशाशी जे जुळलं ते ठेवलं, जे जुळलं नाही ते दुरुस्त केलं. युरोपात कोपर्निकसचा ग्रंथ छापून आला तो १५४३ साली. सूर्य मध्यभागी मानण्याचा विचार गणेशाच्या ग्रंथात नाही. त्याचं मोठेपण आकाशाला प्रमाण मानण्यात आहे आणि गणित सामान्य माणसाच्या आवाक्यात आणण्यात आहे.

हे आवाक्यात आणणं कसं, ते आकडे मांडूनच कळेल. जुन्या रीतीनं ग्रह काढायचा तर कलियुगाच्या आरंभापासूनचे दिवस मोजायचे. १५२० सालीच ते १६ लाखांच्या वर गेले होते. एवढ्या संख्येचे गुणाकार-भागाकार पाटीवर करताना एक अंक चुकला की सगळं फुकट. गणेशानं ११ वर्षांचं चक्र घेतलं. अधिकमास धरून ११ वर्षांत १३६ चांद्रमास होतात आणि त्यांचे दिवस ४०१६. शके १९४७ घ्या. त्यातून १४४२ वजा केले की ५०५ उरतात. त्यांना ११ नी भागलं की ४५ चक्रं पूर्ण, बाकी १० वर्षं. दिवस मोजायचे ते या बाकीचे. पूर्ण चक्रांसाठी प्रत्येक ग्रहाचा ठरलेला आकडा असतो, त्याला ध्रुव म्हणतात. ध्रुवाला चक्रांनी गुणायचं आणि हिशेबात धरायचं. लाखांचं काम हजारांवर आलं.

त्याहून धाडसाची गोष्ट म्हणजे त्यानं गणितातून ‘ज्या’ काढून टाकल्या. ज्या म्हणजे आजची साइन. सूर्याची मध्यम जागा (एकसारख्या गतीनं धरलेली) आणि खरी जागा यांतला फरक काढायला ज्यांचं कोष्टक लागे. गणेशानं त्याऐवजी शाळकरी अंकगणित दिलं. सूर्याच्या मध्यम जागेचं त्याच्या कक्षेतल्या सर्वांत दूरच्या बिंदूपासूनचं अंतर म्हणजे केंद्र, आणि ते ९० अंशांच्या आत आणलं की भुज. या भुजाचे अंश घ्या आणि ९ नी भागा. आलेला आकडा २० मधून वजा करा आणि त्या दोहोंचा गुणाकार करा. या गुणाकाराचा नववा भाग ५७ मधून वजा करा आणि उरलेल्यानं गुणाकाराला भागा. भुज ९० अंश असेल तर ९० भागिले ९ म्हणजे १०. २० वजा १० पुन्हा १०. गुणाकार १००. त्याचा नववा भाग ११ आणि एक नवमांश, तो ५७ मधून गेला की ४५ आणि आठ नवमांश. शंभराला त्यानं भागलं की साधारण २ अंश ११ कला. सूर्यसिद्धान्तातला सर्वांत मोठा फरकही २ अंश १० कलांच्या जवळचाच. आता ३० अंश घेऊन पाहा, १ अंश ५ कलांच्या आसपास उत्तर येतं, म्हणजे बरोबर निम्म्याजवळ. ३० अंशांची साइन निम्मी असते, हे दहावीतली मुलं जाणतात. साइनचं नाव न घेता साइनचं काम करून घेणारं हे सूत्र फळ्यावर सोडवलं, की मागच्या बाकावरची मुलंही पुढे सरकून बसत.

पुढे तिथी झटपट काढण्यासाठी गणेशानं ‘तिथिचिंतामणी’ची कोष्टकं केली, आणि १५४५ साली भास्कराचार्यांच्या लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. तीत नियमांच्या उपपत्ती, म्हणजे ते का खरे आहेत याची कारणं दिली आहेत. ‘ज्या’ वगळून गणित सोपं करणाऱ्यानं कारणांचा आग्रह सोडला नव्हता, हे फार महत्त्वाचं आहे.

दुर्दैवानं पुढच्यांनी सूत्रं ठेवली आणि पाहण्याची सवय सोडली. ग्रहलाघव इतकं सोयीचं होतं की तीनशे वर्षं त्यावरच भागलं. केशवांनी सांगितलेलं अंतर पडत गेलं आणि पंचांगातला ग्रह आकाशातल्या ग्रहाशी जुळेनासा झाला.

ती दुरुस्ती हाती घेणारा माणूसही रायगडचाच निघाला. केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे, जन्म १८२४ च्या सुमारास, गाव अलिबागजवळचं नागाव. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत त्यांनी काम केलं, पुढे पुण्याला प्राध्यापक झाले, टिळक-आगरकर त्यांचे विद्यार्थी. युरोपातल्या नव्या गणितावर आधारलेली ‘ग्रहसाधनाची कोष्टकें’ त्यांनी १८६० साली मराठीत दिली. १८६५ पासून त्यांचं नवं पंचांग निघू लागलं, तेच पटवर्धनी पंचांग. सणवार इतरांपेक्षा वेगळ्या दिवशी येतात म्हणून फार थोड्यांनी ते स्वीकारलं. केरूनाना तरीही मागे हटले नाहीत. या सगळ्याची संगती लावली शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी, भारतीय ज्योतिषशास्त्राच्या १८९६ च्या आपल्या इतिहासात. दापोलीजवळच्या मुरूडचे दीक्षित नसते, तर नांदगावच्या बापलेकांविषयी आज एवढं कळलं नसतं.

आमच्या मुलांना न्यूटन-आइन्स्टाइन ठाऊक आहेत, आणि ते असायलाच हवेत. पण खाडीपलीकडच्या गावात पाचशे वर्षांपूर्वी अव्वल दर्जाचं गणित झालं, हे त्यांच्या कानावर कुणी घालत नाही. नुसता अभिमान सांगून ते पोहोचणारही नाही. आठवीच्या वर्गात गणेशाचं सूर्याचं सूत्र सोडवून घ्यावं. आकाश स्वतः पाहण्याची सवय लागावी म्हणून मैदानात काठी रोवून दुपारच्या सावल्या मोजायला लावाव्यात. पाऊणपटीनं काढलेली भरतीची वेळ खाडीवर उभं राहून पंधरवडाभर लिहून काढायला सांगावी, आणि हिशेब किती चुकतो, कोणत्या तिथीला जास्त चुकतो, हे त्यांनाच शोधू द्यावं. केशव दैवज्ञांनी पुढच्या गणकांना सांगितलेलं काम हेच होतं, आणि ते आमच्या मुलांच्या हातून होण्यासारखं आहे.