परतीचा प्रश्न: इंग्लंडच्या नद्या-कालव्यांवरील नौकाविहाराचे नियोजन

मालवाहू नावेचा प्रवास आखताना परतीचा विचार वेगळा करावा लागत नाही. जिथे माल उतरतो तिथेच दुसरा माल शोधला जातो, आणि तो मिळाला नाही तर नाव रिकामी परतते, पण ती चालवणारी माणसे तिच्यावरच राहत असल्याने त्यांच्या दृष्टीने जाणे आणि येणे यांत फारसा भेद नसतो. भाड्याने नाव घेऊन आठवडा-पंधरवडा नदीवर घालवू पाहणाऱ्या हौशी प्रवाशाची स्थिती याहून निराळी असते. नाव दुसऱ्याची, रजा मोजकी, प्रवाहाची दिशा एकच आणि शेवटी नाव तिच्या मालकाकडे पोचवण्याचे बंधन, अशा चौकटीत त्याला आपला बेत बसवावा लागतो. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नौकाविहाराला मध्यमवर्गीय सुटीचे रूप आले, तेव्हापासून नकाशे, मार्गदर्शिका, भाड्याचे दर आणि पुढे खुद्द जलमार्गांची रचना या सर्वांवर परतीच्या या प्रश्नाची छाप पडलेली दिसते.

या विहाराची पहिली मोठी भूमी म्हणजे थेम्स नदी, आणि तिथली व्यवस्था मुळात विहारासाठी नव्हतीच. मध्ययुगापासून पाणचक्क्यांच्या मालकांनी नदीवर ठिकठिकाणी बंधारे घालून पाणी अडवलेले होते. या बंधाऱ्यांतून नावा पुढे नेण्याची जुनी रीत अशी, की बंधाऱ्यातील काढघाल करता येणाऱ्या फळ्या उचलून एकदम पाण्याचा लोंढा सोडायचा, उताराकडे जाणाऱ्या नावेने त्या लोंढ्यावरून खाली झेपावायचे आणि चढाकडे जाणारी नाव दोर व रहाट लावून त्याच फटीतून वर ओढायची. यालाच ‘फ्लॅश लॉक’ म्हणत. यात वेळ जाई, पाणी वाया जाई आणि प्रसंगी माणसेही बुडत. १६३० च्या दशकात ऑक्सफर्डजवळ इफ्ली, सँडफर्ड आणि स्विफ्ट डिच येथे नव्या पद्धतीचे लॉक बांधले गेले. दोन टोकांना दरवाजे असलेले हे चिरेबंदी कुंड असते. नाव आत घेऊन दरवाजे लावायचे आणि कुंडात पाणी भरून किंवा सोडून ती वरच्या अथवा खालच्या पातळीला न्यायची, असे त्याचे काम चालते. पुढील दोन शतकांत थेम्सवर असे लॉक वाढत गेले, त्यांवर जकात बसली आणि लॉकच्या कडेला लॉकरक्षकाचे घर उभे राहिले, ते सारे कोळसा, धान्य आणि लाकूड वाहणाऱ्या पडावांसाठी.

रेल्वेने या पडावांचा धंदा घेतला आणि त्याच हाताने नदीला नवे गिऱ्हाईक आणून दिले. ग्रेट वेस्टर्न रेल्वे १८३८ मध्ये मेडनहेडला, १८४० मध्ये रेडिंगला आणि १८४४ मध्ये ऑक्सफर्डला पोचली. वल्हवण्याच्या शर्यतींमुळे १८३९ पासून गाजू लागलेल्या हेन्लीला १८५७ मध्ये शाखामार्ग मिळाला. लंडनच्या कचेरीतील कारकुनाला शनिवारी दुपारी गाडीत बसून संध्याकाळपर्यंत नदीच्या वरच्या भागात पोचणे त्यामुळे शक्य झाले. थेम्सचा कारभार पाहण्यासाठी १८५७ मध्ये स्थापन झालेल्या थेम्स कॉन्झर्व्हन्सी या मंडळाकडे १८६६ मध्ये वरची नदीही सोपवण्यात आली, तेव्हा मालाच्या जकातीचे उत्पन्न आटलेले होते आणि लॉकची डागडुजी तर चुकत नव्हती. विहारी नावांची जकात ही या मंडळाची गरजच ठरली. १८८५ च्या थेम्स संरक्षण कायद्याने नदीवर विहारासाठी जाण्या-येण्याचा लोकांचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला. व्यापारी मार्ग म्हणून बांधलेल्या नदीचा लोकांच्या करमणुकीचे स्थान म्हणून कायद्यात उल्लेख होणे, हे आजच्या वाचकाला वाटते त्याहून मोठे स्थित्यंतर होते.

हक्क मिळाला तरी बेत आखण्यासाठी माहिती लागते, आणि पडाववाल्यांची माहिती त्यांच्या डोक्यात होती, कागदावर नव्हती. ही उणीव भरून काढणाऱ्यांत ऑक्सफर्डचा छायाचित्रकार हेन्री टाँट याचे नाव अग्रभागी येते. १८७१ च्या उन्हाळ्यात त्याने नदीचे स्वतः सर्वेक्षण केले आणि १८७२ मध्ये ऑक्सफर्डपासून लंडनपर्यंतचा थेम्सचा नकाशा एका मैलाला दोन इंच या प्रमाणात प्रसिद्ध केला. या नकाशाची खरी कल्पकता त्याच्या मांडणीत होती: देशाच्या नकाशात नदी ही एक बारीक रेघ असते, टाँटने मात्र पानोपानी नदीच मध्यभागी घेऊन काठचा मुलूख तिच्या दोन्ही बाजूंना बेताचाच दाखवला, अंतरे नोंदवली आणि छायाचित्रे चिकटवली. काठावरच्या माणसाला रस्त्यांचा नकाशा हवा असतो. नावेतल्या माणसाला पुढचा लॉक किती मैलांवर आहे आणि त्यानंतरची खानावळ कुठे आहे, एवढेच पुरते. चार्ल्स डिकन्स या कादंबरीकाराच्या त्याच नावाच्या मुलाने १८७९ पासून काढलेला थेम्सचा कोश याच गरजेतून जन्मला. त्यात लॉकची जकात, मासेमारीचे नियम, हॉटेले आणि गाड्यांची सोय अकारविल्हे दिलेली असे.

परतीचा प्रश्न व्यापाराच्या अंगाने सोडवला तो ऑक्सफर्डच्या सॉल्टर बंधूंनी. १८५८ मध्ये सुरू झालेल्या या पेढीच्या नावा ऑक्सफर्डला घ्यायच्या, प्रवाहाबरोबर लंडनच्या दिशेने वल्हवत जायचे आणि शेवटी ठरल्या जागी सोडून गाडीने घरी परतायचे, अशी रीत रुळली. रिकामी नाव घोडागाडीवर लादून ऑक्सफर्डला आणण्याचा खर्च भाड्यातच धरलेला असे. म्हणजे जो प्रवास विहारी माणसाला नको होता तो पेढीने पैसे घेऊन आपल्या अंगावर घेतला. या सोयीमुळे सुटी एका दिशेची झाली आणि तिच्यातून चढाची मेहनत वजा झाली. नावा बहुधा स्किफ जातीच्या, म्हणजे लांबट, हलक्या आणि दोघा-तिघांनी वल्हवायच्या असत. रात्री त्यांच्यावर धातूच्या कमानी रोवून कनातीचे कापड ताणले की नावेचाच तंबू होई, आणि त्यामुळे मुक्कामाचे ठिकाण आधी ठरवण्याची सक्ती उरत नसे. ज्यांना हात दुखवून घ्यायचे नव्हते त्यांच्यासाठी १८८८ पासून सॉल्टरांच्याच वाफेच्या बोटी ऑक्सफर्ड ते किंग्स्टन हे सुमारे ९० मैलांचे अंतर दोन दिवसांत कापू लागल्या.

जेरोम के. जेरोम यांचे ‘थ्री मेन इन अ बोट’ हे १८८९ चे पुस्तक विनोदासाठी वाचले जाते आणि ते योग्यही आहे, परंतु नियोजनाच्या इतिहासाचे साधन म्हणूनही त्याची किंमत कमी नाही. थेम्सकाठची ऐतिहासिक स्थळे सांगणारे पुस्तक लिहावे, हा लेखकाचा मूळ हेतू होता, आणि सामानाच्या याद्या, तंबू की हॉटेल हा वाद, वल्हवावे की काठावरून दोराने ओढावे याची चर्चा, ही त्यातील प्रकरणे त्या काळच्या खऱ्या मार्गदर्शिकांच्या पोटातूनच आलेली आहेत. पुस्तकातील तिघे रूढ रीत मोडून किंग्स्टनहून प्रवाहाच्या विरुद्ध ऑक्सफर्डकडे जातात, म्हणजे परतीचा प्रवास ते उताराचा ठेवतात. नियोजन म्हणून हे शहाणपणाचेच होते. तरीही परतताना पाऊस झडीसारखा लागतो आणि पँगबर्नला सकाळी नऊला नाव तयार ठेवण्याची सूचना नावाड्याला देऊन हे तिघे गुपचूप लंडनची गाडी पकडतात. परतीचा प्रश्न इतक्या प्रामाणिकपणे टाळलेला दुसरा प्रवास इंग्रजी साहित्यात शोधावा लागेल.

याच सुमारास दुसरा एक मार्गही चाचपला गेला होता: नावच इतकी हलकी करायची की ती रेल्वेच्या डब्यात मावावी. जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश वकिलाने १८६५ मध्ये १५ फूट लांब आणि ८० पौंड वजनाच्या ‘रॉब रॉय’ या कनूतून युरोपातील नद्यांचा फेरफटका केला आणि जिथे नदी संपे तिथे ती गाडीवर चढवली. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचा १८७६ मधील बेल्जियम-फ्रान्समधील प्रवास याच परंपरेतला. मात्र एकट्यादुकट्याच्या या साहसात कुटुंबाला जागा नव्हती.

कुटुंबांची सोय झाली ती पूर्व इंग्लंडमधील नॉरफोकच्या ब्रॉड्सवर. उथळ तळी आणि त्यांना जोडणाऱ्या संथ नद्या असा हा मुलूख असून ही तळी नैसर्गिक नव्हेत, तर मध्ययुगात जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीतील कुजलेल्या वनस्पतींची ज्वलनशील माती, खणून काढल्याने पडलेले आणि पुढे पाण्याने भरलेले खड्डे आहेत, हे १९५० च्या दशकात जॉइस लॅम्बर्ट या संशोधिकेने सिद्ध केले. इथे शंभराहून अधिक मैलांच्या जलमार्गावर एकही लॉक नाही. अर्थात म्हणून आखणी सोपी होत नाही. ग्रेट यार्मथजवळ नद्या समुद्राला मिळतात आणि तिथे भरती-ओहोटीचा वेग इतका असतो की पाणी स्थिरावण्याची वेळ साधूनच पलीकडच्या नदीत शिरावे लागते. पॉटर हायमचा मध्ययुगीन दगडी पूल तर इतका ठेंगणा आहे, की भरतीत त्याखालून नाव जातच नाही. थेम्सवर जकातीचा तक्ता हाताशी असावा लागे, इथे भरतीचे कोष्टक लागते.

रेल्वे १८७४ मध्ये रॉक्समला पोचल्यावर नॉरिचचा सुतार जॉन लॉइन्स याने नावा भाड्याने देण्याचा धंदा मांडला आणि नंतर तो रॉक्समलाच नेला. इथे परतीचा प्रश्न भूगोलानेच सोपा केला होता, कारण प्रवाह मंद असल्याने आणि वारा बहुतेक दिशांना कामी येत असल्याने नाव घेतली तिथेच आणून देता येई. नाव न्यायला घोडागाडी लागत नसे, आणि स्थानकालगतची गोदी हीच सुरुवात व शेवट झाली. ख्रिस्टोफर डेव्हीज यांच्या १८८२ च्या मार्गदर्शिकेने हा मुलूख लोकांना माहीत करून दिला. माल वाहणाऱ्या ‘व्हेरी’ नावाच्या एकशिडी नावांच्या पोटात उन्हाळ्यापुरत्या खोल्या बसवून, नावाडी आणि आचारी यांच्यासह त्या भाड्याने दिल्या जाऊ लागल्या. १९०८ मध्ये हॅरी ब्लेक याने अनेक मालकांच्या नावांचे आरक्षण एकाच ठिकाणी घेणारी संस्था काढली आणि तिच्या छापील यादीतून लंडनमधल्या घरी बसून नाव निवडणे शक्य झाले. नौकाविहाराचा बेत नदीकाठी जाऊन ठरवण्याऐवजी हिवाळ्यात शेकोटीजवळ ठरू लागला, तो याच यादीमुळे.

मध्य इंग्लंडच्या कालव्यांकडे विहारी लोक सर्वांत उशिरा वळले. १७६१ च्या ब्रिजवॉटर कालव्यानंतर जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने आखलेल्या मार्गांवर सुमारे ७२ फूट लांब आणि ७ फूट रुंद लॉक रूढ झाले आणि त्यांत बरोबर बसणारी ‘नॅरोबोट’ ही अरुंद, लांब नाव घडली. परंतु सर्व कालवे एका मापाचे नव्हते. लीड्स-लिव्हरपूल कालव्याच्या मुख्य भागातील लॉक दुप्पट रुंद असले तरी सुमारे ६२ फुटांचेच होते, त्यामुळे पूर्ण लांबीची नॅरोबोट तिथे अडते. ही मापे एकत्र मिळाली ती १९०४ मध्ये, जेव्हा हेन्री डी सॅलिस या मालवाहतूक कंपनीच्या संचालकाने ११ वर्षांत सुमारे १४,००० मैल जलप्रवास करून कालव्यांची सूची प्रसिद्ध केली. व्यापाऱ्यांसाठी केलेले हे पुस्तक पुढे हौशी प्रवाशांचेच हत्यार बनले.

एल. टी. सी. रोल्ट हे अभियंते १९३९ च्या जुलैमध्ये ‘क्रेसी’ या राहत्या नावेतून बॅन्बरीहून निघाले, आणि त्या प्रवासावरील त्यांचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक १९४४ मध्ये आले. ते वाचून रॉबर्ट एकमन त्यांना भेटले आणि १९४६ मध्ये अंतर्गत जलमार्गांच्या रक्षणासाठी संघटना उभी राहिली. तिची एक युक्ती विशेष लक्षणीय आहे. स्ट्रॅटफर्ड कालव्यावरील लिफर्ड लेनचा उघडता पूल मालक असलेल्या रेल्वे कंपनीने पक्का बसवून टाकल्याने वाट बंद झाली होती. लॉर्ड्स सभागृहात प्रश्न विचारला गेल्यावर, नाव नेण्याची सूचना आल्यास पूल उचलला जाईल, असे आश्वासन मिळाले. रोल्ट यांनी ताबडतोब तशी सूचना दिली आणि मे १९४७ मध्ये कामगारांनी जॅक लावून उचललेल्या पुलाखालून क्रेसी पार झाली. जाण्याचा नुसता बेत लेखी कळवणे हीच इथे कायदेशीर कृती होती. तोवरच्या कोणत्याही मार्गदर्शिकेत नियोजनाचा असा उपयोग सुचवलेला नव्हता.

१९६८ च्या वाहतूक कायद्याने सरकारी जलमार्गांचे व्यापारी, विहाराचे आणि उर्वरित असे तीन वर्ग पाडले, आणि शेवटच्या वर्गाची देखभाल करण्याची फारशी जबाबदारी कोणावर राहिली नाही. मँचेस्टरजवळचा अॅश्टन कालवा आणि पीक फॉरेस्ट कालव्याचा खालचा भाग याच वर्गात पडला. ते बुजले असते तर मॅकल्सफील्ड, ट्रेंट-मर्सी, ब्रिजवॉटर आणि रॉचडेल या कालव्यांशी मिळून होणारे वर्तुळ कायमचे तुटले असते. ‘चेशायर रिंग’ हे नाव चळवळीने या वर्तुळाला दिले ते हा तोटा लोकांच्या डोळ्यांपुढे आणण्यासाठीच. १९७२ मध्ये सुमारे हजार स्वयंसेवकांनी एका शनिवार-रविवारी अॅश्टन कालव्यातील गाळ आणि मोडतोड उपसली, आणि १९७४ मध्ये मार्ग खुला झाला. परतीच्या प्रश्नाचे सर्वांत सफाईदार उत्तर इथे मिळाले: मागे न वळता, त्याच पाण्यावर दुसऱ्यांदा न जाता नाव निघाल्या ठिकाणी परत येते.

कालव्यावरचे गणितही ठरून गेले आहे. काठ धुपू नयेत म्हणून वेगाची मर्यादा ताशी ४ मैल असते आणि प्रत्यक्षात ३ मैल पडतात. एका लॉकला एका मैलाइतका वेळ धरून मैल आणि लॉक यांची बेरीज करायची आणि तिला तीनाने भागायचे. चेशायर रिंगचे ९७ मैल आणि ९२ लॉक मिळून १८९ होतात, म्हणजे ६३ तास, आणि आठवड्याच्या भाड्यात दररोज नऊ तास नाव चालवणे. या हिशेबात एक रक्कम मात्र वर्षानुवर्षे वेगळी काढून ठेवावी लागे: रॉचडेल कालवा १९४८ च्या राष्ट्रीयीकरणातून सुटून खासगी कंपनीकडेच राहिलेला असल्याने, मँचेस्टर शहरातील नऊ लॉक पार करण्यासाठी तिची जकात रिंगच्या प्रवाशाला निराळी मोजावी लागत असे.