वाचायला शिकवण्यातही एम.ए. करता येते

'रीडिंग स्पेशालिस्ट' म्हणजे वाचनात मागे पडलेल्या मुलाची अडचण नेमकी कुठे आहे हे तपासणारा, त्याला वाचते करणारा आणि त्यासाठी इतर शिक्षकांना मदत करणारा तज्ज्ञ. अमेरिकेत बहुतेक राज्यांत या पदासाठी शिक्षकाचा परवाना, वर्गाचा अनुभव आणि पदव्युत्तर शिक्षण लागते. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच्याशी संलग्न टीचर्स कॉलेजमध्ये हा अभ्यासक्रम आहे. कोलंबिया म्हटले की आपल्याला अर्थशास्त्र आठवते, हे मात्र कुणी सांगत नाही.

तिथल्या अभ्यासाचा पाया साधारणपणे पाच गोष्टींवर असतो. अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलने 2000 मध्ये त्या मांडल्या: ध्वनींची जाण, अक्षर-ध्वनी संबंध, ओघ, शब्दसंपत्ती आणि आकलन. जोडीला देखरेखीखाली प्रत्यक्ष मुलांना शिकवावे लागते.

मराठीला हा साचा जसाच्या तसा बसत नाही. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारात मात्र नंतर. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. बाराखडी आणि जोडाक्षरे धरली तर मुलाला शेकडो आकृत्या ओळखाव्या लागतात. शिवाय घरची बोली वेगळी असेल, तर पुस्तकातला शब्द वाचता येऊनही अर्थ लागत नाही. त्याला 'कच्चा' म्हणून मागच्या बाकावर बसवणे सोपे असते. कोणत्या वस्तीतली मुले त्या बाकावर असतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

भारतात सरकारी शाळेत असे पद नाही. डी.एल.एड. आणि बी.एड. मध्ये वाचनाची प्रक्रिया फारशी खोलात शिकवली जात नाही. तरी इथे काम झाले आहे. मॅक्सिन बर्नसन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून भाषाशास्त्रात पीएच.डी. झाल्या, त्यांचा प्रबंध फलटणच्या बोलीवर होता. एलिनॉर झेलियट यांच्या सहसंपादक म्हणूनही त्या आपल्या अभ्यासकांना परिचित आहेत. फलटणला त्यांनी दलित वस्तीतल्या शाळाबाह्य मुलांना वाचायला शिकवले आणि त्यातून प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली. वाडा (पालघर) आणि यादगीर (कर्नाटक) इथे झालेल्या 'लिरिल' या दीर्घ अभ्यासात क्वेस्ट ही संस्था सहभागी होती. वर्गात अक्षरे गिरवण्यातच वेळ जातो आणि अर्थाला जागा उरत नाही, हे त्यात दिसले.

आपल्या विहारांतल्या अभ्यासिका बहुतेक स्पर्धा परीक्षांच्या आहेत. तिसरी-चौथीच्या मुलाला वाचायला शिकवणारा तिथे क्वचितच असतो, कारण आपले पदवीधर एम.एस.डब्ल्यू., कायदा किंवा एमपीएससीकडे वळतात. (मीही एम.ए. समाजशास्त्रात केले.)

परदेशी शिकायचे तर राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. विद्यापीठाच्या क्रमवारीची अट आधी पाहावी. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमधून मात्र 2022 मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास वगळले गेले. मराठी मुलांच्या वाचनावर संशोधन करू इच्छिणाऱ्याने हा नियम वाचूनच विषयाचे शीर्षक ठरवावे.