‘आमचे’ १०१ दिवस

पुरुष मित्राविषयी लिहू लागला की मायेचा शब्द गिळतो आणि बरोबर काय सोसले, कशावरून भांडलो, तेच सांगत बसतो. त्याची माया तिथेच शोधावी लागते.

आगरकरांचे ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ घ्या. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध छापलेल्या मजकुरावरून खटला झाला आणि १७ जुलै १८८२ रोजी टिळक-आगरकर मुंबईच्या डोंगरी तुरुंगात गेले. शिक्षा चार महिन्यांची. सुटले २६ ऑक्टोबरला. दोघांचाही जन्म जुलै १८५६ मधला. आगरकरांना सव्वीस पुरी होऊन तीन दिवस झालेले, टिळकांची सहा दिवसांनी तुरुंगातच पुरी झाली. वाद घालावेत, आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत उतरवावे, असे ते दिवस. (खटल्यात जामीन राहिले ते रामशेठ उरवणे, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक मंडळींपैकी. आम्हां कामगारांतल्या माणसांना ही गोष्ट विसरवत नाही.)

माझी नजर अडते ती नावातल्या ‘आमचे’ या शब्दावर. त्या काळचे संपादक एकट्यालाही ‘आम्ही’ म्हणत, हे खरे. पण इथे खरोखरच दोघे होते.

पुढे काय झाले ते आपण जाणता. आधी स्वराज्य की आधी सुधारणा, यावरून तट पडले. १८८७ त आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ त ‘सुधारक’ काढला. १८९० त टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. दोन पत्रांतून एकमेकांवर जे लिहिले गेले, ते वाचताना आजही अंग चोरावेसे वाटते. १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले आणि मृत्युलेख लिहायला टिळकच बसले. भांडणाचे कागद ढीगभर आहेत. मैत्रीचा म्हणून हा एक लहानसा ग्रंथ. तोही मैत्री टिकून होती तेव्हाचा, म्हणून त्याची साक्ष मला मोलाची वाटते. भांडणानंतर लिहिलेल्या आठवणींत माणूस जुने दिवसही नव्या रागाने रंगवतो.

हे मी अनुभवाने बोलतो. एका संपात मी नि माझा एक सोबती नऊ दिवस एका कोठडीत होतो. पुढे युनियन फुटली, बोलणे तुटले. गेल्या वर्षी त्या दिवसांचे टिपण लिहायला घेतले, तर ओळीओळीला ‘आम्ही’ येऊ लागले. चार ठिकाणी खोडून ‘मी’ केले. वाक्य खोटे दिसू लागले. पुन्हा ‘आम्ही’ लिहिले आणि एक प्रत त्याला टपालाने धाडली. अजून उत्तर नाही.