प्रोसिडिंग बुकातला अंगठा

पंचायतीचा शिपाई प्रोसिडिंग बुक घेऊन दारात यायचा, तेव्हा आई हमखास भाकऱ्या थापत असायची. "वहिनी, तेवढा अंगठा," म्हणत तो शाईचा पॅड पुढे करायचा. आई पदराला पीठ पुसायची, अंगठा उठवायची आणि परत परातीकडे वळायची. ठराव रस्त्याचा होता की विहिरीचा, हे तिला कुणी सांगत नसे. आई पंचायतीची सभासद होती, पण पंचायतीचा उंबरा तिने कधी ओलांडला नाही.

१९५७ साली बलवंतराय मेहता समितीने ग्रामीण संस्थांत दोन स्त्रिया घ्याव्यात अशी शिफारस केली होती. 'घ्याव्यात' या शब्दातच सगळं आलं. आमच्याकडे आईला घेतलं, कारण वडील सोसायटीचे चेअरमन. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली बाई घ्यावी, असं काही कुणाच्या मनात आलं नाही.

घेतलेली बाई आणि उभी राहिलेली बाई यांतला फरक मला कळला तो नोव्हेंबर १९८६ मध्ये, चांदवडला. शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला गावोगावच्या शेतकरी बायका लोटल्या होत्या. जिल्हा परिषदेच्या निवडणुका बायकांनी लढवायच्या, असं तिथे ठरलं. पुढे १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला आणि यवतमाळच्या मेटीखेड्याला बायकांची अख्खी पॅनेलं निवडून आली. तेव्हा राखीव जागांचा कायदा यायचा होता.

१९९० मध्ये महाराष्ट्राने ३० टक्के जागा राखल्या. २४ एप्रिल १९९३ पासून ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि देशभर एक तृतीयांश जागा बायकांच्या झाल्या. त्यात सरपंचपदं आली, अनुसूचित जाती-जमातींच्या जागांतला वाटाही आला. २०११ मध्ये राज्यात बायकांचा वाटा निम्म्यावर गेला.

राखीव जागा आल्या त्या काळात मी तालुक्यात बायकांचे उमेदवारी अर्ज भरून द्यायचे. माझं निम्मं काम एसटी स्टँडवरच झालं. मतदार यादीत बाईचं नाव सासरचं आणि जात सिद्ध करायची बापाच्या कागदांवर. मग तिला घेऊन माहेर गाठायचं, बापाचा शाळा सोडल्याचा दाखला शोधायचा. बाप शाळेतच गेला नसेल तर चुलत्याचा. त्यात घरपट्टीची थकबाकी निघायची, आणि ऐनवेळी सूचक 'आमच्यात भांडण नको' म्हणून पाय मागे घ्यायचा. छाननीपर्यंत पोचलेली बाई माझ्या हिशेबी अर्धी निवडून आलेलीच असायची.

त्यांतली एक मजुरी करणारी, राखीव जागेवरून आलेली. पहिल्या सभेला तिच्यासाठी खुर्चीच नव्हती. ती दाराशी बसली. दुसऱ्या सभेला ती घरून पाट घेऊन आली आणि टेबलाला लागून बसली. बुक तिच्यापुढे सरकलं, तसा तिने हात पदराखाली घेतला. म्हणाली, "भाऊसाहेब, आधी वाचून दाखवा."

तिनेही अंगठाच उठवला, माझ्या आईसारखा. त्याआधी ग्रामसेवकाला ठराव दोनदा वाचावा लागला, आणि नळाची जागा बदलावी लागली.