हस्तलिखितांचा अभिरक्षक : परशुराम कृष्ण गोडे

ग्रंथसंग्रहांच्या इतिहासात संग्राहकाचे व देणगीदाराचे नाव अग्रभागी असते. संग्रह राखणाऱ्याची नोंद सहसा होत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील हस्तलिखितसंग्रह ह्या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे.

मुंबई सरकारने १८६६ पासून संस्कृत हस्तलिखितांच्या शोधाचे कार्य हाती घेतले. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटर्सन व रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांनी ठिकठिकाणच्या शास्त्रीपंडितांची व जैन भांडारांची दारे ठोठावून पोथ्या मिळविल्या. हा संग्रह पुढे डेक्कन कॉलेजात होता. भांडारकरांच्या ८० व्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, संशोधन मंदिराची स्थापना झाली. त्यांनी स्वतःचा ग्रंथसंग्रह संस्थेस दिला आणि १९१८ मध्ये सरकारी संग्रहातील १७,००० हून अधिक हस्तलिखितेही तेथे आली.

परंतु पोथ्या कपाटात आल्या म्हणजे त्या अभ्यासकाच्या हाती आल्या असे नव्हे. पुष्कळ ग्रंथांचे कर्ते केवळ नावाने ज्ञात होते. ते कोणत्या शतकात झाले हेच ठाऊक नसल्यामुळे त्यांच्या लेखनास इतिहासाचे साधन म्हणून मोल येत नव्हते. ही उणीव अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) ह्यांनी ओळखली. काव्य, नाटक व अलंकारशास्त्र ह्या विषयांतील हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूची त्यांनी सिद्ध केल्या, आणि सूचीकाराच्या ह्याच नित्यकर्मातून त्यांचे संशोधन उगवले.

त्यांची पद्धती साधी, पण कष्टाची होती. एखादा ग्रंथकार ज्यांची वचने उद्धृत करतो त्यांच्यानंतरचा तो ठरतो. ज्यांनी त्याचे वचन उद्धृत केले त्यांच्या पूर्वीचा ठरतो. पोथीच्या अखेरच्या पुष्पिकेत लेखनिकाने शक वा संवत नोंदविला असेल, तर ग्रंथ त्या वर्षी अस्तित्वात होता एवढे निश्चित होते. अशा दोन मर्यादा परस्परांच्या जवळ आणीत त्यांनी कितीएक ग्रंथकारांचा काळ ठरविला. त्यांच्या निबंधांची संख्या चारशेहून अधिक आहे.

ह्या कालनिर्णयाचा लाभ सामाजिक इतिहासास झाला. भारतातील दारूकामाविषयीच्या आपल्या निबंधात गोडे ह्यांनी ओरिसाचा गजपती प्रतापरुद्रदेव ह्याच्या ‘कौतुकचिंतामणि’ ह्या संस्कृत ग्रंथातील दारूकामाच्या कृतींबरोबरच एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’तील वर्णनाचाही आधार घेतला. एकनाथ वर्णन करतात ते श्रीकृष्णाच्या विवाहाचे; परंतु त्या सोहळ्यातील दारूकाम सोळाव्या शतकातील महाराष्ट्राचे आहे. भाविकास जेथे कथा दिसते तेथे गोडे ह्यांनी इतिहासाचा पुरावा पाहिला, आणि तोही कथेचा अवमान न करता. तंबाखू व ज्वारी ह्यांसारख्या नित्याच्या वस्तूंचाही माग त्यांनी अशाच साक्षींवरून काढला.

जुने लेखनिक पोथीच्या शेवटी एक प्रार्थना लिहीत : तेल, पाणी व सैल बांधणी ह्यांपासून ग्रंथाचे रक्षण व्हावे आणि तो मूर्खाच्या हाती पडू नये. ५ जानेवारी २००४ रोजी एका इंग्रजी पुस्तकावरून उठलेल्या वादात जमावाने ह्या संस्थेवर हल्ला केला, ग्रंथांची नासधूस केली, तेव्हा त्या प्रार्थनेतील भय जुने झालेले नाही हे दिसून आले. पुढे २००७ मध्ये येथील ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांचा युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत समावेश झाला.

तथापि जमाव आणि सन्मान हे दोन्ही प्रसंगोपात्त येतात. पोथी उघडून तिची पुष्पिका वाचणे, तिची तिथी पडताळणे व ती पुन्हा नीट बांधून जागी ठेवणे हे काम मात्र रोजचे आहे. गोडे ह्यांनी ते सुमारे चाळीस वर्षे केले. ग्रंथप्रेम म्हणजे केवळ संचयाची हौस नव्हे, तर संचिताचा अर्थ लावण्याची नित्य जबाबदारी होय, हाच त्यांच्या कार्याचा निष्कर्ष आहे.