सूक्ष्म अक्षरांचें जतन

सन १८७० च्या सप्टेंबर महिन्यांत जर्मन फौजांनीं पॅरिसला वेढा घातला आणि सुमारे वीस लाख वस्तीच्या त्या शहराचा बाहेरच्या जगाशीं असलेला संबंध तुटला. तारा तोडल्या गेल्या, रस्ते अडविले गेले. शहरांतून बाहेर निरोप नेण्यास बलून होते. वारा नेईल तिकडे ते जात. परंतु वाऱ्यावर बसून नेमकें पॅरिसांत परत येणें कोणालाहि साधेना. मुलगा जिवंत आहे कीं नाहीं, आई आजारांतून उठली कीं नाहीं, हें शहरांत अडकलेल्या माणसांस कळावें कसें? बलूनमधून बाहेर नेलेलीं कबुतरें घराच्या ओढीनें परत येत, एवढा एकच मार्ग उरला. पण कबुतर ओझें वाहून वाहून किती वाहील?

ही अडचण ज्या विद्येनें दूर केली, ती तोंवर केवळ करमणुकीची विद्या समजली जात होती. मँचेस्टर येथील उपकरणें बनविणारा कारागीर जॉन बेंजामिन डान्सर यानें १८३९ च्या सुमारास छायाचित्र शंभर-दीडशें पटींनीं लहान करून दाखविलें. पण सूक्ष्मदर्शकाखालीं धरून पाहण्याची एक मौज, यापलीकडे त्याचा उपयोग झाला नाहीं. पॅरिसचा छायाचित्रकार रने दाग्रों यानें १८५९ मध्यें अशा चित्रांचें पेटंट घेतलें. अंगठींत, लोलकांत टाचणीच्या डोक्याएवढें चित्र आणि त्यावर बारीकसें भिंग बसवून तो तीं विकीत असे. वेढा पडला तेव्हां हा अलंकारांचा धंदाच राष्ट्राच्या कामीं आला.

१२ नोव्हेंबर १८७० रोजीं दाग्रों आपलें साहित्य घेऊन बलूनमधून निघाला. त्याच्या बलूनचें नांव ‘नियेप्स’ व जोडीच्या बलूनचें ‘दागेर’. छायाचित्रणकलेच्या दोन आद्य पुरुषांचीं तीं नांवें. ‘दागेर’ शत्रूच्या गोळ्यांनीं खालीं आला व पकडला गेला. ‘नियेप्स’ शत्रूच्या ताब्यांतील मुलखांतच उतरला. कांहीं साहित्य गमावून, पण स्वतः निसटून, दाग्रों तूर शहरीं पोंचला. तेथें त्यानें छापील निरोपांचीं पृष्ठें कलोडियनच्या पातळ पापुद्र्यांवर उतरविण्यास आरंभ केला. सुमारे सव्वादोन इंच लांब व दीड इंच रुंद अशा एका पापुद्र्यावर तीन हजारांच्या आसपास निरोप मावत. असे पंधरा-वीस पापुद्रे गुंडाळून पिसाच्या पोकळ दांड्यांत घालीत आणि ती नळी कबुतराच्या शेपटीच्या पिसास बांधीत. सर्वांचें मिळून वजन जेमतेम ग्रॅमभर!

कबुतर पॅरिसांत उतरलें कीं नळी फोडून पापुद्रे अमोनियाच्या पाण्यांत उलगडीत, वाळवून दोन काचांमध्यें ठेवीत आणि मॅजिक लँटर्नच्या प्रकाशानें त्यांची अक्षरें पडद्यावर मोठीं करीत. समोर बसलेले कारकून तीं उतरून घेत आणि निरोप घरोघर रवाना होत. आजच्या वाचनयंत्रांत ज्या तीन गोष्टी लागतात, म्हणजे दिवा, भिंग व पडदा, त्या तिन्ही त्या खोलींत होत्या.

या सर्व खटाटोपांत एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. थंडी, धुकें, ससाणे आणि बंदुका यांनीं कबुतरांचा फार नाश केला. सुमारे तीनशें कबुतरें सोडलीं गेलीं. त्यांपैकीं साठ देखील परत आलीं नाहींत. तरीहि पुष्कळसे निरोप पोंचले, याचें कारण एकच निरोप निरनिराळ्या कबुतरांबरोबर पुनः पुनः पाठविला जाई. पापुद्रा तयार करणें ही कला होती. पण एकाच पापुद्र्यावर विसंबून न राहणें हें शहाणपण होतें. पुढच्या काळांत कला वाढत गेली. शहाणपणाचा मात्र मधूनमधून विसर पडला.

युद्ध संपलें आणि ही युक्तीहि बरीच वर्षें मागें पडली. तिला पुन्हा हात घातला तो व्यापाऱ्यांनीं. न्यूयॉर्कचा एक बँकवाला जॉर्ज मॅकार्थी यानें १९२५ मध्यें चेकांच्या नकला फिल्मवर घेणाऱ्या यंत्राचें पेटंट मिळविलें आणि १९२८ मध्यें कोडॅक कंपनीनें तें यंत्र ‘रेकॉर्डॅक’ या नांवानें बाजारांत आणलें. १९३५ पासून ‘न्यूयॉर्क टाइम्स’ हें वृत्तपत्र फिल्मवर उतरूं लागलें, तर १९३८ मध्यें यूजीन पॉवर यानें ग्रंथांच्या फिल्म पुरविणारी संस्था अॅन आर्बर येथें काढली. दुसऱ्या महायुद्धांत सैनिकांचीं पत्रेंहि याच मार्गानें गेलीं. अमेरिकेंत दीड लाख पत्रांस लागणाऱ्या सदतीस थैल्यांचें काम फिल्म केल्यावर एका थैलींत होई.

वृत्तपत्राचा कागद मुळांत हलका. त्यांतील आम्लानें तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि बोट लावतांच तुटतो. तेव्हां शंभर फुटांच्या एका गुंडाळींत शेंकडों पृष्ठें सांठविणारी फिल्म ग्रंथालयांस वरदानच वाटली. परंतु या वरदानालाहि मर्यादा होत्या. जुनी नायट्रेट फिल्म चटकन पेट घेई, म्हणून अॅसिटेटची ‘सुरक्षित’ फिल्म वापरांत आली. उष्ण व दमट हवेंत ही फिल्म देखील आंबते. तिला शिरक्याचा वास येऊं लागतो आणि ती आक्रसून वांकडी होते. पुढें पॉलिएस्टरची फिल्म आली. नीट धुतलेली, थंड व कोरड्या जागीं ठेवलेली अशी फिल्म सुमारे पांचशें वर्षें टिकेल, असा तज्ज्ञांचा अदमास आहे. म्हणूनच चांगल्या संग्रहालयांत तीन प्रती असतात: एक मूळ, जी कोठारांतून सहसा हलवीत नाहींत, दुसरी, नव्या नकला काढण्यापुरती, आणि तिसरी, वाचकांच्या हातीं देण्याची.

जेथें ही शिस्त ढिली झाली, तेथें हानि झाली. फिल्म झाली एवढ्या समाधानावर अनेक ग्रंथालयांनीं वृत्तपत्रांचे मूळ अंक विकून वा फेंकून दिले. निकोल्सन बेकर या अमेरिकन लेखकानें २००१ मध्यें एक ग्रंथ लिहून याविरुद्ध कठोर तक्रार केली. ती अगदींच निराधार नव्हती. ज्या पानावर छायाचित्रकाराचा हात हलला, जें पान चुकून उलटलेंच नाहीं, तें मूळ अंकाबरोबर कायमचें गेलें. रंगीत पुरवण्या काळ्या-पांढऱ्या झाल्या.

आतां स्कॅनर आला आहे. फिल्ममधून प्रकाश आरपार जातो, संवेदक तो टिपून घेतो आणि पूर्वी दांडा फिरवून तासन् तास शोधावें लागणारें पान क्षणांत समोर येतें. पण फिल्मवर जें अस्पष्ट, तें स्कॅनमध्येंहि अस्पष्टच. मूळ फितीची निगा हाच या नव्या सोयीचा पाया आहे. नेपाळ व जर्मनी यांच्या सहकार्यानें १९७० ते २००१ या काळांत नेपाळांतील सुमारे एक लक्ष ऐशीं हजार हस्तलिखितें फिल्मवर घेतलीं गेलीं. संस्कृत पोथ्यांच्या अभ्यासकांस तीं आज दूरदेशींहि पाहतां येतात, तीं या निगेमुळेंच.

जर्मनींत फ्रायबुर्गजवळ ओबेररीड येथें डोंगरांतील एका जुन्या बोगद्यांत १९७५ पासून पोलादी पिंपांत अशा फिती ठेवल्या जातात. ३ मार्च २००९ रोजीं कोलोन शहराच्या ऐतिहासिक दफ्तरखान्याची इमारत कोसळली. शेजारच्या घरांतील दोघे दगावले आणि शतकानुशतकांचे कागद ढिगाऱ्याखालीं गाडले गेले. बहुतेक कागद पुढें बाहेर निघाले खरे, पण फाटलेले, भिजलेले, एकमेकांत मिसळलेले. त्या दफ्तराच्या कांहीं भागाच्या फिती मात्र दूर त्या डोंगरांत सुरक्षित होत्या.

संगणकांतील नकल वाचण्यास योग्य यंत्र आणि त्या यंत्रास कळणारी भाषा दोन्ही लागतात, आणि दोन्ही झपाट्यानें बदलतात. फिल्म वाचण्यास दिवा व भिंग पुरे. तथापि एकीनें दुसरीची जागा घ्यावी, असा हा वाद नव्हे. आपल्याकडील जुन्या पोथ्या टिकल्या, त्या कोणा एका पेटींत नव्हे, तर ठिकठिकाणच्या मठांत आणि घरांत लेखकांनीं केलेल्या नकलांमुळें टिकल्या. वेढ्यांतल्या पॅरिसला निरोप धाडणाऱ्यांनींहि तेंच केलें: कोणतें कबुतर पोंचेल हें ठाऊक नसल्यामुळें प्रत्येकाबरोबर तोच निरोप दिला.