बहिर्जी नाईक : बखरीतले आणि पडद्यावरचे

हेराचा धंदाच असा आहे की, त्यात यश आले म्हणजे नाव राहत नाही आणि नाव झाले म्हणजे यश राहत नाही. सेनापतीची कीर्ती त्याच्या विजयांबरोबर वाढते, कवीची त्याच्या काव्याबरोबर. परंतु जो हेर आपल्या हयातीत सर्वांस ठाऊक झाला, तो हेर या नात्याने संपला असेच समजले पाहिजे. असे असता, जिचा सारा प्राण प्रसिद्धीत आहे त्या चित्रपटकलेने या अनामिकासच आपला लाडका नायक करावा, हा मोठा चमत्कारिक योग होय.

या योगाचे पाश्चात्य उदाहरण बहुतेक वाचकांच्या परिचयाचे असेल. इयन फ्लेमिंग या इंग्रज लेखकाने १९५३ साली ‘कॅसिनो रोयाल’ या कादंबरीत जेम्स बाँड नावाचा हेर निर्माण केला. १९६२ साली तो शॉन कॉनरी या नटाच्या रूपाने पडद्यावर आला, आणि पुढील चाळीस वर्षांत वीस चित्रपटांतून त्याने जग पालथे घातले. १९८३ साली तर तो आपल्या उदयपुरासही येऊन गेला. परंतु प्रत्येक खेपेस मागच्यापेक्षा मोठी करामत दाखविण्याच्या नादात २००२ साली त्यास चक्क अदृश्य होणारी मोटार द्यावी लागली, आणि कल्पनेचे घोडे यापुढे दामटण्यास जागा उरली नाही, हे त्याच्या निर्मात्यांनीही ओळखले. मग २००६ साली त्यांनी पाटी कोरी केली. त्यांनी फ्लेमिंगची ती पहिली कादंबरी पुन्हा हाती घेतली आणि डॅनियल क्रेग या नटाकडून एक नवाच बाँड उभा करविला. हा बाँड नुकताच आपल्या कामावर रुजू झालेला, चुकणारा, मार खाणारा, आणि जिच्यावर जीव जडला तिच्याकडूनच फसविला जाणारा असा होता. पुढे २०२१ साली, या नटाच्या पाचव्या चित्रपटात, निर्मात्यांनी त्यास मरणही येऊ दिले. या नव्या घडणीचे मर्म एकच आहे. मालिकेस नवेपणा आला तो करामतींची आणखी भर घालून नव्हे, तर भर झाडून टाकून आणि मूळ ग्रंथाकडे परत जाऊन.

हे उदाहरण येथे देण्याचे कारण असे की, आमच्या मराठी पडद्यावरही एका हेराची अशीच नवी घडण गेल्या काही वर्षांत आमच्या डोळ्यांदेखत झाली आहे. तो हेर म्हणजे शिवाजी महाराजांचे बहिर्जी नाईक. महाराष्ट्राच्या पडद्यास ते नवे नाहीत. १९४० नंतरच्या दशकात त्यांच्याच नावाचा एक बोलपट निघाला होता. तथापि पुढे दीर्घकाळ ऐतिहासिक चित्रपटांत त्यांचे स्थान निरोप्याचेच राहिले. दरबार भरलेला असावा, कोणी फकीर वा गोसावी आत यावा, त्याने दाढी काढून मुजरा करावा, ‘महाराज, बातमी आहे’ असे म्हणावे, आणि पुढचा प्रवेश सुरू व्हावा, एवढ्यावर त्यांची बोळवण होई. दिग्पाल लांजेकर यांच्या शिवकालीन चित्रपटमालेने हा प्रघात मोडला. ‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘पावनखिंड’ आणि ‘शेर शिवराज’ (दोन्ही २०२२), ‘सुभेदार’ (२०२३) असे एकामागून एक चित्रपट या मालेत निघाले. यांपैकी ‘फत्तेशिकस्त’ हा लाल महालावरील छाप्याचा चित्रपट, आणि त्यात बहिर्जी व त्यांचे साथीदार कथेच्या ऐन मध्यभागी आले. निरोप्याचा नायक झाला, ही गोष्ट आम्हांस स्वागतार्ह वाटते. राज्य तलवारीने मिळते तसेच बातमीनेही मिळते, ही जाणीव त्यामुळे लाखो प्रेक्षकांच्या मनात रुजली.

परंतु या नायकाचा मूळ ग्रंथ कोणता, हा प्रश्न आता विचारला पाहिजे. बाँडचे निर्माते फ्लेमिंगकडे परतले. आमच्या निर्मात्यांनी कोणाकडे परतावे? याचे उत्तर सोपे आहे, आणि तितकेच अडचणीचेही आहे. कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेने जी बखर लिहिली, तीत बहिर्जी येतात, पण फार थोडे येतात. त्यांचे बालपण, त्यांचे रूप, महाराजांशी त्यांची झालेली पहिली भेट, पशुपक्ष्यांचे आवाज काढण्याचे त्यांचे कसब, या आज घरोघर सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी लोकपरंपरेच्या आहेत. बखरीतून हाती लागतात ते ठळक असे दोन प्रसंग.

पहिला प्रसंग सुरतेचा. सुरत मारली असता अगणित द्रव्य हाती लागेल, ही बातमी बहिर्जींनी आणिली, असे सभासद सांगतो. १६६४ च्या जानेवारीत महाराज सुरतेवर गेले. शहराचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. वीरजी व्होरा आणि हाजी झाहिद बेग या बड्या व्यापाऱ्यांची घरे धुंडाळून रिकामी करण्यात आली. आणि मोगलांची कुमक येत आहे असे कळताच १० जानेवारीस मराठे शहर सोडून गेलेही. या साऱ्या हकिकतीत हेराचे काम कोणते ते पाहा. द्रव्य कोठे आहे, कोणाचे आहे, शहरास तट आहे की नाही, कुमक किती मजलांवर आहे, ही त्याची विद्या. ती सावकाराच्या गुमास्त्यास शोभेल अशी हिशेबी विद्या आहे. तीत तलवारीचा खणखणाट नाही.

दुसरा प्रसंग १६७९ चा. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात जालना लुटून परतत असता महाराजांस मोगली फौजांनी गाठले. सिधोजी निंबाळकर लढाईत पडले आणि परतीची वाट धोक्यात आली. तेव्हा बहिर्जींनी आडवाटेने, रात्रीचा दिवस करून, लष्कर पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोहोचविले. महाराजांनी तेथे विसावा घेतला म्हणून तो किल्ला पुढे विश्रामगड म्हणविला जाऊ लागला. येथेही हेराचे शस्त्र एकच, आणि ते म्हणजे वाटेचे ज्ञान. कोणता घाट उतरतो, कोणती खिंड घोड्यास पेलते, पाणी कोठे आहे, हे ज्यास माहीत त्याने त्या दिवशी राजा वाचविला.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवले म्हणजे आमचे म्हणणे स्पष्ट होईल. बखरीतील बहिर्जी हे माहितीचे धनी आहेत; पडद्यावरील बहिर्जी हळूहळू पराक्रमाचे धनी होत चालले आहेत. सोंग आणि झुंज या दोन गोष्टी पडद्यास प्रिय. मोजणी आणि वाट या दोन गोष्टी इतिहासास प्रिय. ‘फत्तेशिकस्त’ची जाहिरात ‘भारतातील पहिला सर्जिकल स्ट्राइक’ अशी झाली. त्या शब्दामागे २०१६ सालच्या सीमेपलीकडील कारवाईची आठवण उघड होती. प्रत्येक पिढी आपल्या हेरास आपल्या काळाची भाषा बोलावयास लावते, त्यात नवल नाही. पण ५ एप्रिल १६६३ च्या त्या रात्रीचे यश कशात होते? रमजानचा महिना आहे, मुदपाकखान्यातील माणसे झोपलेली वा पहाटेच्या तयारीत गुंतलेली असतील, आणि तेथील भिंतीत पूर्वी एक दार होते ते आता विटामातीने बुजविलेले आहे, या ज्ञानात ते होते. ज्या वाड्यात महाराजांचे बालपण गेले त्याच वाड्यातील ती भिंत. शाएस्ताखानाची बोटे तलवारीने तोडली हे खरे. परंतु तलवार त्याच्या शयनगृहापर्यंत पोहोचली ती त्या बुजविलेल्या दाराच्या वाटेने.

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे या बाबतीत विशेष बोलके आहेत. सातारा जिल्ह्यातील प्रतापगडचा प्रसंग घ्या. ‘शेर शिवराज’ या चित्रपटाचा विषय तोच. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखान मारला गेला, पण त्याआधी खानाच्या मनात काय आहे हे कळणे अवश्य होते. ते काम कोणी केले? सभासदाच्या सांगण्याप्रमाणे महाराजांचे वकील पंताजी गोपीनाथ बोकील यांनी. ते उघडपणे, पालखीपदस्थ वकिलाच्या नात्याने खानाच्या गोटात गेले, तेथील मुत्सद्द्यांस द्रव्य देऊन वश केले, आणि खान दगा करणार हा निश्चित मनसुबा घेऊन आले. त्यांना दाढी लावावी लागली नाही की वेष पालटावा लागला नाही. हेरगिरीचा मोठा भाग असा दिवसाढवळ्या, संभाषणात आणि पानसुपारीत घडतो, हे प्रतापगडच्या पायथ्याशी जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

आता सांगली जिल्ह्याकडे वळू. खानापूर तालुक्यात बाणूरगड, म्हणजेच जुना भूपाळगड, आहे, आणि त्यावर बहिर्जी नाईकांची म्हणून दाखविली जाणारी समाधी आहे. हा गड दिलेरखानाने १६७९ च्या एप्रिलात घेतला. गडावर समाधी आहे तेव्हा त्यांचा अंत त्याच वेढ्यात झाला असावा, असे कोणाच्या मनात आल्यास त्याने सभासदाची जालन्याची हकीकत आठवावी. ती त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातील, म्हणजे वेढ्यानंतर सात महिन्यांची आहे. तेव्हा बहिर्जी हयात होते आणि राजास वाट दाखवीत होते. त्यांचा अंत भूपाळगडावर झाला असेल तर तो त्यानंतर केव्हातरी झाला असला पाहिजे. आपल्या मृत्यूची तारीखही मागे न ठेवणे, हे एका परीने त्या पुरुषाच्या धंद्यास साजेसेच म्हणावयाचे.

या मुलखाचा दुसरा पुरावा पुष्कळ अलीकडचा आहे. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, ज्याचा मोठा भाग आज सांगलीत मोडतो, क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले. डोक्यावर सरकारचे बक्षीस लागलेली माणसे वाळवे, तासगाव, खानापूर या टापूत वर्षानुवर्षे वावरली आणि ती सहसा सापडली नाहीत. ती कोणा एका बहुरूप्याच्या चातुर्याने वाचली असे नव्हे. पोलीस कोणत्या गावी उतरले हे सांगणारा गुराखी, भाकरी पोहोचविणारी बाई, आणि विचारले असता ‘ठाऊक नाही’ म्हणणारे सारे गाव, अशी ती हेरगिरी होती. बहिर्जींच्या हाताखाली काम करणारी माणसे याच जातीची असली पाहिजेत, असे अनुमान कोणी काढल्यास आम्ही ते अवास्तव म्हणणार नाही.

आणि त्या माणसांचा विचार केला म्हणजे हा प्रश्न केवळ कलेचा राहत नाही. लोकपरंपरा बहिर्जींस रामोशी समाजाचे मानते. गावाची राखण करणे आणि चोराचा माग काढणे हे या समाजाचे पिढीजात काम. म्हणजे जी विद्या स्वराज्याच्या उपयोगी पडली तीच. पुढे इंग्रजी अमलात काय झाले? १८७१ सालापासून ज्या कायद्यांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या, त्यांची छाया अशा समाजांवर पडली. ते कायदे १९५२ साली रद्द झाले, पण रामोशी हे नाव महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आजही आहे. रात्री वाट जाणणारा मनुष्य एका राज्यास डोळ्याप्रमाणे वाटला आणि दुसऱ्या राज्यास चोर वाटला. विद्या मात्र एकच होती. पडद्यावरील बहिर्जी जर जन्मजात अलौकिक करामतींचा एकटा वीर म्हणून उभा राहिला, तर त्याच्या कीर्तीचा कवडीचाही वाटा या माणसांच्या पदरी पडणार नाही. तोच जर त्यांच्या विद्येचा प्रतिनिधी म्हणून उभा राहिला, तर एका जुन्या अन्यायाची थोडी तरी भरपाई होईल.

यावर कोणी म्हणेल की, चित्रपट म्हणजे इतिहासाचे पाठ्यपुस्तक नव्हे, आणि जेथे कागद गप्प आहेत तेथे कल्पनेने बोललेच पाहिजे. हे म्हणणे आम्हांस मान्य आहे. बहिर्जींची आई कशी होती, ते हसत कसे, हे नाटककाराने खुशाल रचावे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले तेव्हापासून या प्रांतास सोंगाचे वावडे नाही. परंतु एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. बाँड हा कल्पित. त्यास मारले काय, पुन्हा जिवंत केले काय, कोणाचे देणे लागत नाही. बहिर्जी हे होऊन गेले. कागद जेथे गप्प आहेत तेथे कल्पनेस मुभा आहे. पण कागद जेथे दोन शब्द बोलतात, तेथे ते दोन शब्द ऐकून घेण्याचे ऋण तिच्यावर आहे. आणि ते दोन शब्द नीरस मुळीच नाहीत. सुरतेच्या बाजारात महिनोन्महिने हिंडून घरे मोजणारा मनुष्य, किंवा मागे शत्रू आणि पुढे अंधार असता सबंध लष्कराचा भार आपल्या आठवणीवर तोलून धरणारा मनुष्य, याहून थरारक विषय कोणत्या लेखकास हवा?

या चित्रपटमालेने बहिर्जींस दाराबाहेरून आत आणिले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. यापुढील पाऊल इंग्रजी मालिकेने २००६ साली टाकले तसे पडावे, एवढीच आमची अपेक्षा आहे. करामती झाडून टाकाव्या, बखर उघडावी, आणि त्या पानांतील हिशेबी, सावध व वाट न चुकणारा मनुष्य पडद्यावर आणावा. तो प्रेक्षकांस कमी आवडेल असे मानण्यास आम्हांस काही कारण दिसत नाही.